उचगावचा जागृत मणी

उचगावच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. अग्निमणी महाराजांच्या होमकुंडावर दोन लोखंडी चिमट्यांत सुपारीएवढा चमकदार खडा धरलेला. एका चिमट्याला विजेची वायर, दुसऱ्याची वायर वरच्या बल्बला. खडा साधा, वीज न वाहणारा. पण भक्ताची श्रद्धा खरी असली की मणी जागा होतो आणि बल्ब पेटतो, असा महाराजांचा दावा.

"जिचं औषध सुटलं, तिचा दिवा पेटला!" महाराज गरजले. "डॉक्टर अंधारात, बाळांनो, मणी उजेडात!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. मला संताप आला, कारण पुढच्या रांगेत माझ्या शेजारीण शालूबाई बसल्या होत्या. त्यांना साखरेचा आजार. टाचेला जखम. याच बल्बच्या भरवशावर तीन आठवडे त्यांनी इन्सुलिन घेतलं नव्हतं.

"आक्का, जखम काळी पडलीय. दवाखान्यात चला," मी सकाळीच म्हणाले होते.

"न्हाय गं सुविधा. माझा दिवा पेटलाय. आता सुई घेतली तर देव कोपंल."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. आदल्या दोन दिवसांत एक गोष्ट माझ्या नजरेत भरली होती. भक्ताची पाळी आली की मंत्र लांबायचा, ज्वाळा वाढायची, खडा लालबुंद व्हायचा आणि मगच बल्ब पेटायचा. शंका घेणाऱ्याची पाळी आली की ज्वाळा मंद, खडा पांढरा, बल्ब विझलेला. महाराजांचा डावा पाय मात्र सारखा आसनाखाली हालत होता.

मी उठले. "महाराज, मी देव मानत नाही. डॉक्टरच्या गोळ्या रोज घेते. लावा दिवा माझ्या नावानं."

ज्वाळा खाली गेली. खडा पांढरा झाला. पाच मिनिटं मंत्र, बल्ब ढिम्म.

"पाहा नास्तिकेचा अंधार!"

मी पिशवीतून नळ जोडणाऱ्याकडून आणलेली, ज्योतीचा झोत सोडणारी गॅसची बत्ती काढली. आयोजक भावकू धावून आला. "बाई, खाली बसा! मण्याला हात लावू नका!"

"हात कशाला लावू? त्यात करंट आहे," मी म्हणाले.

मागून शालूबाईंचा आवाज आला. "थांब रं भावकू. माझ्या जिवाचा सवाल हाय. बघू दे."

मी लांबूनच बत्तीची निळी ज्योत खड्यावर धरली आणि मंत्राऐवजी एकोणतीसचा पाढा म्हणू लागले. खडा तांबूस झाला, मग लाल. 'एकोणतीस नवे दोनशे एकसष्ट'ला बल्ब लुकलुकला. पाढा संपता संपता भक्क पेटला. बत्ती बाजूला घेतली, तसा हळूहळू विझला.

"हा अमेरिकन डायमंडचा खडा," मी म्हणाले. "झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड. थंड असताना त्यातले ऑक्सिजनचे भारित कण जागच्या जागी अडकलेले असतात, वीज जात नाही. खूप तापवला की ते कण एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारू लागतात, आणि वीज वाहते. आस्तिक असो की नास्तिक, खड्याला फक्त उष्णता कळते."

कुणीतरी आसन उचललं. खाली गॅसचा कॉक, पडद्याआड सिलिंडर. तोवर महाराज मागच्या दारानं पसार झाले होते.

शालूबाईंनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. "व्हय गं, मी लई खुळी. चल, दवाखान्यात चल."

बेळगावच्या डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला. पाय वाचला नाही. घोट्यावरून कापावा लागला. आठवड्याभरापूर्वी आला असतात तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणून जिथे जाते तिथे एवढंच सांगते. चमत्कार दिसला तर हात जोडू नका, प्रश्न विचारा. कशानं झालं? दुसऱ्याच्या हातून होतं का? आणि जो कुणी औषध बंद करायला सांगेल, त्याच्या मांडवातून उठा आणि आपल्या माणसाला घेऊन दवाखाना गाठा.