झाडून ठेवलेलं खळं

मोजणीचे साहेब येणार म्हटल्यावर चंद्रावतीच्या अंगात आलं. तिने पहाटेपासून करंजा कोळीवाड्यातल्या बायकांना कामाला जुंपलं. किनाऱ्यावरचं खळं, म्हणजे मासळी वाळवायची जागा, तिने लख्ख करून घेतलं. दोऱ्या सोडवल्या, बांबू घरामागे रचले, रेती झाडली, वर रांगोळीही काढली. पाहुणा येणार तर घर आवरायला नको?

शेजारच्या नव्या टॉवरवाल्यांना तिथे बाग हवी होती. वास येतो, अशी त्यांची तक्रार. मोजणीच्या नकाशात खळ्याची नोंद झाली तरच जागा कोळ्यांची राहणार होती.

साहेबांनी रांगोळी ओलांडली, इकडेतिकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. सून निशाने कागदात डोकावलं. तिचा चेहराच उतरला.

"आई, मोकळी जागा लिवलंय!"

"आवो साहेब, मोकळी कशी? तुमी येनार म्हनून आमी आवरली!"

"बाई, मला दिसतं तेच लिहिता येतं. पलीकडची वस्ती मोजून चारला येतो. तेव्हा सही करा."

चंद्रावती मटकन रेतीत बसली. आजेसासूपासून चालत आलेली जागा आपण स्वतःच्या हाताने, तीही झाडूने, घालवली! तिला रडू फुटलं. पण रडत बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पदर खोचून ती बंदरावर गेली. मुलगा जीवन नुकताच होडी लावून बोंबील उतरवत होता.

"लिलाव नाय करायचा. सगळं खळ्यावर आन."

"आये, गिऱ्हाईक उभं हाय!"

"उभं राहू दे!"

घराघरातून बांबू परत आले. दोऱ्या ताणल्या. बायका ओळीने बसल्या आणि एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या दोरीवर टाकू लागल्या. हात चालत होते, तोंडं त्याहून जोरात. आवरायची अक्कल कुणाची, यावर चंद्रावतीला भरपूर ऐकावं लागलं.

चारला साहेब आले आणि वाकूनच आत शिरले. एका बोंबलाने त्यांची टोपी पाडली.

साहेबांनी आधीची ओळ खोडली. 'मासळी वाळवण्याची जागा, वापरात,' असं लिहून त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"येतोय ना वास?" चंद्रावतीने विचारलं.

"येतोय हो!"

"मंग त्यो बी लिवा," ती म्हणाली आणि सहीसाठी ओला हात पदराला पुसला.