जुळ्यांचा वाढदिवस

वर्षाली आठवीत नापास झाली, फेरपरीक्षेतही राहिली आणि धाकटी योगिनी तिच्याच वर्गात येऊन पोचली. काळेवाडीत तोंड कुणाला दाखवायचं, म्हणून त्यांच्या बापानं, ज्योतीरामनं, बिऱ्हाड चाकणला हलवलं, नवी शाळा धरली आणि पोरींना बजावलं, "कुणी विचारलं तर जुळ्या म्हणायचं!" माणूस हिशेबाचा पक्का, पण वाढदिवस त्याच्या हिशेबातून निसटला.

ऑगस्टात योगिनीचा वाढदिवस आला. तिनं एकटीनं चॉकलेटं वाटली असती तर बिंग फुटलं असतं, म्हणून आईनं दोघींच्या हातात मिळून एकच पुडा दिला.

वर्गात टाळ्या पडल्या.

"जुळी असून ही एवढी उंच कशी? योगिनीचा डबा पण हीच खाते काय?" मागून ओंकार म्हणाला. वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हजेरीपट उघडला आणि त्यांचं बोट जन्मतारखांच्या रकान्यातून हळूहळू खाली सरकू लागलं. योगिनीनं वर्षालीचं मनगट आवळलं. बोट थांबलं.

"बाई, नका शोधू," वर्षाली म्हणाली. "वाढदिवस हिचाच आहे. माझा डिसेंबरात असतो. मी हिची मोठी बहीण. आठवीत दुसऱ्यांदा बसलेय."

बाईंनी हजेरीपट मिटला.

"म्हणजे डिसेंबरात परत चॉकलेट?" ओंकारनं विचारलं.

"तुला सोडून सगळ्यांना," वर्षाली म्हणाली आणि पुडा योगिनीकडे देऊन बाकावर जाऊन बसली. पप्पांना काय सांगायचं, ते त्यांची शिफ्ट सुटल्यावर बघू.