पाहुण्यांची मुलाखत

काल्हेरच्या बाळारामच्या मृणालीला पुण्याला जाऊन मानवशास्त्रात एम. ए. करायचं होतं आणि बाळारामला तिचं लग्न करायचं होतं. शेतावर गोदामं उभी राहिल्यापासून त्याला दुसरा उद्योगच उरला नव्हता. महिनाभर घरात धुसफूस चालली. शेवटी त्यानेच तोड काढली. दापोड्याचे केसरीनाथ बायकोला आणि मुलाला, मितेशला, घेऊन रविवारी तिला बघायला येत होते. त्यांचा होकार आला तर लग्न, नकार आला तर पुणं. प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

आता नकार मिळवायचा कसा? चहात मीठ घालणं वगैरे प्रकार मृणालीला पोरकट वाटत. शिवाय चार माणसांत बापाची मान खाली गेलेली तिलाच सोसली नसती. त्यात मितेश निघाला चांगला. दिसायला नीटस, स्वतःचे दोन टेम्पो, बोलणं मोजकं. नाव ठेवायला जागाच नव्हती मेल्यात.

चहा झाल्यावर केसरीनाथांनी विचारलं, "ह्ये मानवशास्त्र शिकून पोरगी करनार काय?"

"संशोधन संस्था आहेत, म्युझियम आहेत, आदिवासी विकासाची कामं आहेत," मृणाली म्हणाली. "आता कंपन्यासुद्धा घेतात. लोक अमुकच साबण का घेतात, ते शोधायला."

"त्याला शिकायचं काय? लोकान्ला इचारलं की झालं!"

"विचारायचं आणि मन लावून ऐकायचं. दाखवू?" आणि ती मितेशच्या आईकडे, पुतळाबाईंकडे वळली. "काकी, तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

लग्न होऊन आल्यापासून पुतळाबाईंना कुणी "जेवण झालं का?" यापलीकडे काही विचारलं नव्हतं. बाई पदर सावरून पुढे सरकल्या. आई कशेळीची, आजोबांच्या दोन होड्या, आईची चुलत बहीण बायो लग्नानंतर लवकर गेली. मृणाली हळूच एकेक प्रश्न सोडत होती. मितेशने दोनदा घड्याळ पाहिलं.

"ही बायो दिली कुठे होती?"

"कोपरला."

दारात उभी असलेली मृणालीची आई राहीबाई चमकली. "बायो? ती तं माझी आजी, आईची आई!"

मृणालीने जमेल तेवढं आश्चर्य चेहऱ्यावर आणलं. "म्हणजे काकी, तुम्ही माझ्या आईच्या मावशी लागता. आणि हा आईचा मावसभाऊ." तिने मितेशकडे पाहिलं. "माझा मामा!"

मामा-भाचीचं लग्न? केसरीनाथांनी जीभ चावली. मृणालीने वेळ दवडला नाही. उठली आणि सरळ मितेशच्या पाया पडली. बिचाऱ्याने विंचू दिसावा तसे पाय वर घेतले. मग पुतळाबाई अशा हसत सुटल्या की बाकीच्यांनाही हसावं लागलं. नात मिळाल्याच्या आनंदात त्यांनी मृणालीची अलाबला घेतली आणि पाहुणे रुसण्याऐवजी जेवूनच गेले.

गाडी वळणाआड गेली तशी मृणाली मनातून पुण्याला पोचली. बाळाराम मात्र फाटकापाशीच उभा होता.

"मृणाली, माझ्या आईकडून मोजलं तं पुतळाबाई माझी मावसबहीन लागते," तो सावकाश म्हणाला. "म्हंजे मी त्या पोराचा मामा. मामाच्या पोरीवर तं त्याचा पयला हक्क. हाय का न्हाय?"

त्या बाजूने मृणालीनेही मोजलं होतं, म्हणून तर ती बाजू तिने विचारलीच नव्हती.

"मग तू बोलला का नाहीस, बाबा?"

"बोलनार व्हतो. त्येवढ्यात तू त्याच्या पाया पडली. तुझे हात कापत व्हते." त्याने फाटकाची कडी उगाचच लावली, पुन्हा काढली. "एवढी घाबरली व्हतीस, आन् मना वाटं, पोरगी नुसता हट्ट करते."

मृणालीने त्याचा हात धरला.

"उद्या जाऊ पुन्याला. पन आईला यातलं काय बोलू नको," बाळाराम कुजबुजला. "तिनं मितेशला भाऊबीजेचं आवतन देऊन टाकलंय."