डावीकडे ओढून धरलेले हँडल

मित्रांनो, जरा लांब उभे राहून ऐका, कारण मला एका जागी स्वस्थ बसायची सवय नाही. मी एक जुनी स्नोमोबाइल आहे. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि वर लांबलचक सीट. बर्फावरची मोटारसायकल म्हणा हवे तर, मला राग येणार नाही. ड्रेस्डेनच्या दक्षिणेला, चेक सरहद्दीला लागून जे डोंगर आहेत, तिथल्या एका गावच्या स्की-क्लबच्या शेडमध्ये मी राहते. राहते म्हणजे काय, बर्फाची वाट बघते. हल्ली तो वेळेवर येत नाही आणि आला तर टिकत नाही. डिसेंबरात दाराच्या फटीतून हिरवे गवत दिसले की माझा जीव नुसता वरखाली होतो.

माझा जन्म फिनलंडच्या उत्तरेला एका कारखान्यात झाला. सुरुवातीची वर्षे एका हॉटेलात पाहुण्यांना फिरवण्यात गेली. पाहुणे माझे हँडल हवे तसे पिळत, फोटो काढत आणि निघून जात. कोणी माझे नाव विचारले नाही, कोणी तब्येत विचारली नाही. मग या क्लबने मला आणले आणि माझ्या आयुष्याला काही अर्थ आला. माझ्यामागे एक लोखंडी ढाचा जोडतात. मी पुढे धावते आणि ढाचा मागे बर्फात दोन सरळ चर पाडत येतो. त्या चरांत पायांच्या स्की ठेवून लोक स्कीइंग करतात. अशा वाटेला इथे लोइपे म्हणतात. माझी लोइपे पंचक्रोशीत सगळ्यात सरळ होती, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरे कोणी सांगेपर्यंत मला धीर धरवत नाही.

क्लबच्या यंत्रांची देखभाल फ्राऊ उलिग, म्हणजे उलिगबाई, यांच्याकडे आहे. बाई मोजके बोलतात. या भागात 'हो'ला 'नू' म्हणतात आणि त्यांचे निम्मे संभाषण त्या एका 'नू'वर भागते. आधी मला त्याच चालवत. दर पानगळीत त्या माझे नाक जॅकवर उचलत, स्की धरून हलवून बघत आणि जिथे ग्रीस हवे तिथे ग्रीस भरत. पुढे त्यांचा गुडघा कुरकुरू लागला. त्यांना वाकणेही जमेना आणि माझ्यावर बसणेही. मग माझे हँडल सुधीरकडे आले.

सुधीर मूळचा साताऱ्याचा. ड्रेस्डेनमध्ये चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. बायको वैभवी आणि मुलगी स्वानंदी यांना घेऊन तो दर शनिवार-रविवारी डोंगरात येतो. क्लबमध्ये त्याने आधी बाके उचलली, मग चहा वाटला, मग खांब रोवले. अशी बरीच वर्षे गेल्यावर एका शनिवारी फ्राऊ उलिग यांनी माझी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. सुधीरचा चेहरा असा फुलला की मलाही उगीच मिरवावेसे वाटले. तो चालवायचाही छान. मला कधी दामटले नाही, कधी तोडून बोलला नाही.

आता माझे दुखणे सांगते. माझ्या हँडलपासून खाली स्कीपर्यंत दांडे जातात. जिथे लोखंड लोखंडात फिरते, तिथे मध्ये एक छोटी नळी बसवलेली असते. तिला बुश म्हणतात. झिजणे हेच बुशचे काम. तो झिजतो म्हणून माझे लोखंड झिजत नाही. पण तो वेळेवर बदलावा लागतो, नाहीतर सगळे खिळखिळे होते. आमची लोइपे डोंगराला वळसा घालून जाते, डोंगर कायम डाव्या हाताला आणि उतार उजव्या हाताला. त्यामुळे सगळा भार माझ्या उजव्या पायावर, म्हणजे उजव्या स्कीवर. त्या पायातला बुश आधी गेला आणि मग बाकीचेही सैल होत गेले. हँडल वळवले तरी स्की लगेच वळेना. सरळ धरले तर मी उजवीकडे सरकू लागले. गॅरेजवाले याला 'प्ले आलाय' म्हणतात. माझ्या अंगात जन्मजात चुळबुळ आहेच, पण ही निराळी होती. मला सरळ जायचे असायचे आणि माझे पाय ऐकायचे नाहीत.

सुधीरला हे पहिल्याच हिवाळ्यात कळले होते. मला वाटले, आता हा सांगेल. शनिवारी काम संपवून आम्ही शेडशी आलो की फ्राऊ उलिग दारात उभ्या असायच्या आणि विचारायच्या, "मग, मशीन कशी आहे?" सुधीर हेल्मेट काढून हसत म्हणायचा, "आलेस गूट." म्हणजे सगळे ठीक. बाई 'नू' म्हणायच्या आणि दार लावून घ्यायच्या. मी आत अंधारात धुमसत बसायचे.

तो खोटारडा नव्हता, मित्रांनो. त्याच्या घरची रीतच तशी होती. एकदा चढावर थांबून डबा खाताना त्याने वैभवीला वडिलांच्या स्कूटरची गोष्ट सांगितली होती. त्या स्कूटरचे हँडल वाकडे होते, ब्रेक दोनदा दाबावा लागे आणि पावसाळ्यात ती तिरकी केल्याशिवाय सुरू होत नसे. दुरुस्तीला नेण्याचा विषयच कोणी काढत नसे. नवीन चालवणाऱ्याला एवढेच सांगत, की ती अशीच आहे, जरा सांभाळून घे. सुधीर त्या स्कूटरवर शिकला आणि सांभाळून घेण्यात पटाईत झाला. शिवाय इतक्या वर्षांनी कोणी विश्वासाने किल्ली दिली असताना लगेच तक्रार करायची, हे त्याला बरे दिसेना. म्हणून तो माझे हँडल सतत थोडे डावीकडे ओढून धरू लागला. लोइपे सरळ पडायची, लोक त्याची पाठ थोपटायचे आणि माझा बुश आणखी झिजायचा.

पण ओढ काही फुकट जात नाही. ती त्याच्या डाव्या खांद्यात साठत होती. शेडमध्ये मला टेकून तो खांदा चोळायचा, मग कोणी आले की हात खाली घ्यायचा. हे फक्त मला दिसत होते. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

या वर्षी फेब्रुवारीत क्लबच्या मुलांची स्कीइंगची शर्यत ठरली. स्वानंदीही पळणार होती. आई मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते आणि त्या आठवड्यात ती शर्यतीशिवाय दुसरे काही बोलतच नव्हती. दोन दिवस बर्फ वितळला होता आणि मग कडक थंडी पडून सगळे गोठले होते. शर्यतीच्या दिवशी सकाळी सुधीरचा हात वर उचलेना. रात्री झोपेत अवघडला, असे त्याने वैभवीला सांगितले. मला चालवायचे शिक्षण तिनेही क्लबमध्ये घेतले होते, पण माझ्यावर ती फारशी बसली नव्हती. ती म्हणाली, वाट पाडायला मी जाते. सुधीर शेडपर्यंत आला. माझे सगळे प्राण कानात आले होते, म्हणजे मला कान असते तर. आता तरी सांग, मी मनात म्हणत होते, सगळे सांग.

"जरा उजवीकडे जाते ती," तो म्हणाला. "थोडं डावीकडे धरून ठेव. बाकी काही नाही."

बाकी काही नाही! मित्रांनो, त्याच्या हिशोबाने ते खरेच थोडे होते. त्याच्या हातांना सवय झाली होती. वैभवीच्या हातांना कुठे होती?

ती बसली, चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी जॅकेटला अडकवली आणि आम्ही निघालो. सपाटीवर तिने मला कसेबसे आवरले. पण जंगलातून लाकडे नेणाऱ्या ट्रॅक्टरने ओल्या बर्फात चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि त्या आता दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. ओहोळाच्या वरच्या अंगाला, जिथे वाट सगळ्यात अरुंद आहे, तिथे माझी उजवी स्की चाकोरीत शिरली. वैभवीने हँडल डावीकडे घेतले. हँडल वळले, मी वळले नाही. तिने आणखी वळवले. मला तिचे ऐकायचे होते हो, जीव तोडून ऐकायचे होते, पण सैल पडलेल्या पायांतून तिचा हात माझ्या स्कीपर्यंत पोचलाच नाही. मी कडेवरून घसरले, ढाचा आडवा झाला आणि वैभवी बर्फात फेकली गेली. दोरी सुटली, इंजिन बंद पडले. एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर माझे पोट अडकले म्हणून मी थांबले. खाली ओहोळाचे काळे पाणी दिसत होते.

थोडा वेळ ती हललीच नाही. माझ्या उभ्या आयुष्यात एवढा लांब वेळ मी कधी काढला नाही. मग ती उठून बसली. हनुवटी फुटली होती. ती माझ्यापाशी आली, माझ्या उजव्या स्कीचे टोक धरले आणि हलवले. स्की इकडून तिकडे खटखट हलली, हँडल मात्र जागचे हलले नाही. वैभवी सॉफ्टवेअर कंपनीत चाचण्या घेते. चुका हुडकणे हा तिचा रोजचा धंदा आहे, पण ही चूक घरातच आहे हे तिला आता कळले.

"हे थोडं?" ती म्हणाली. तिथे ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हते.

ती पायी खाली गेली. थोड्या वेळाने माणसे दोर घेऊन आली. लंगडत लंगडत फ्राऊ उलिग आल्या आणि हात पोटाशी धरून सुधीरही आला. वैभवीची हनुवटी बघून त्याचा चेहरा उतरला. काल रात्री गोठल्यामुळे असेल, असे काहीतरी तो फ्राऊ उलिग यांना सांगू लागला. वैभवी नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याचे ते वाक्य अर्ध्यावर थांबले.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "दोन हिवाळे."

फ्राऊ उलिग यांनी माझी स्की एकदा हलवून बघितली. त्या रागावल्या नाहीत, दुखावल्या. "मी दर शनिवारी विचारत होते," त्या म्हणाल्या. सुधीरने मान खाली घालून सांगितले, की तुम्ही विश्वासाने मशीन दिली होतीत, लगेच तिच्याबद्दल कुरकुर करणे मला बरे वाटले नाही. त्यावर त्या जे बोलल्या, ते त्यांचे मी ऐकलेले सगळ्यात लांब बोलणे.

"मशीनवर मी कधीच विश्वास ठेवत नाही, सुधीर. म्हणून तर माणसाला विचारते. ते माणूसच सगळं ठीक म्हणायला लागलं, तर मी कोणाला विचारू?"

शर्यतीची वाट त्या दिवशी आईबापांनी रांगेने चालून पायांनी तुडवली. ती वाकडीतिकडी झाली, पण मुले पळाली. स्वानंदी कितवी आली ते मला कोणी सांगितले नाही, कारण मी शेडमध्ये तोंड पाडून उभी होते.

पुढच्या शनिवारी माझे नाक जॅकवर चढले. वैभवीने हँडल घट्ट धरले, सुधीर एका हाताने बोल्ट सोडवत गेला आणि फ्राऊ उलिग स्टुलावर बसून सांगत गेल्या. जुने बुश बाहेर आले. उजव्या पायातला तर एका अंगाने नखाएवढा पातळ झाला होता. सुधीरने तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला. एकच बदलायचा का, असे त्याने विचारले, तर बाईंनी नुसती मान हलवली. सगळेच बदलायचे. दांडे पुसले, कुठे ओरखडे पडलेत का ते बोटाने चाचपले, ग्रीस लावले आणि नवे बुश दाबून बसवले. हँडल जरासे हलवले की स्की लगेच हलू लागली. दोन हिवाळ्यांनंतर माझे पाय माझे झाले. मला तिथल्या तिथे धावत सुटावेसे वाटत होते.

ताजा बर्फ पडल्यावर सुधीरने मला बाहेर काढले. एकदाच, बघण्यापुरते, म्हणाला. वैभवी मागे बसली. आम्ही निघालो आणि थोड्याच अंतरावर लोइपे डावीकडे झुकू लागली, थेट झाडांच्या दिशेने. मी गोंधळले. आता माझ्यात काही दोष नव्हता! मग माझ्या लक्षात आले. माझे हँडल सरळ झाले होते, पण सुधीरचे हात अजून डावीकडेच ओढत होते. त्याने गॅसवरचा अंगठा सोडला. मी थांबले. मागे वळून त्याने ती वाकडी वाट बघितली.

"ती बरी झाली," वैभवी म्हणाली. "आता तुझं काय?"

'सगळं ठीक' हे शब्द त्याच्या तोंडापर्यंत आलेले मला जाणवले, कारण ते आले की त्याची पकड घट्ट होते. मग पकड सैल झाली.

"खांदा दुखतोय," तो म्हणाला. "खूप."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे."

वैभवीने हातमोजा काढला आणि त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. मी अधीर स्वभावाची आहे, पण त्या वेळी मी मुकाट्याने उभी राहिले.

आता सुधीर डॉक्टरांकडे जातो आणि हँडल वैभवीकडे आहे. परवा शनिवारी शेडच्या दारात फ्राऊ उलिग यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. वैभवी बोलायच्या आधी सुधीरनेच सांगितले, की थंडीत पट्टा किंचाळतो, हँडलची उजवी मूठ गरम होत नाही आणि त्याचा स्वतःचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. बाईंनी चष्मा चढवला, 'नू' म्हणाल्या आणि हत्यारांची पेटी उघडली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल लावा, पुसा, पावसात ठेवू नका, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. माझे दुखणे गोड मानून घेऊ नका. तुमचे हात माझ्या दोषाला सरावतील, पण तुमच्यानंतर जो हँडल धरेल त्याला ते कळणार नाही, आणि तो कदाचित तुमच्याच घरचा असेल. आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे. म्हणून कोणी खरोखर थांबून "कसे आहे?" असे विचारले, तर आमच्याबद्दल खरे सांगा. आणि सांगतच आहात, तर स्वतःबद्दलही सांगून टाका.