उतारावरची जागा

मी एक जुनी निळी मोटारगाडी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सगळे आधी आपले गुण सांगतात. मी आधी माझं दुखणं सांगते. मला दुसऱ्या गाडीचं कौतुक बघवत नाही.

पूर्वी मी अशी नव्हते. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेत उभ्या होत्या, पण बाबांनी मलाच पसंत केलं. बाबा म्हणजे माझे मालक. घरातली सून त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांचा मुलगा माझ्या मागच्या सीटवर झोपा काढत मोठा झाला. लग्न झाल्यावर सूनबाई घरी आली तीसुद्धा माझ्यातूनच.

बाबांची एक शिस्त होती. दर रविवारी सकाळी, मला चालू न करता, जागची न हलवता, ते बॉनेट उघडत. इंजिनातलं ऑईल मोजायची एक लांब पट्टी असते. ती बाहेर काढायची, पिवळ्या फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून काढायची आणि ऑईल कुठल्या खुणेपर्यंत आलंय ते बघायचं. माझं ऑईल नेहमी वरच्या खुणेला असे. "ठणठणीत आहे," असं म्हणून बाबा बॉनेटवर थाप मारत. त्या थापेवर माझा आठवडा निघायचा.

मग घरात माझी सवत आली. सूनबाईची नोकरी लांब होती, म्हणून तिने नवी पांढरी गाडी घेतली. घराला लागून पत्र्याची शेड आहे, खाली सपाट फरशी. ती माझी जागा. पांढरीला ती मिळाली आणि मला फाटकाबाहेरच्या चढावर नाक वर करून उभं केलं.

"नवी आहे ना, उन्हाने रंग जाईल," सूनबाई म्हणाली. जसं काही मला ऊन गोडच लागतं.

पुढच्याच रविवारी बाबांनी पट्टी काढली तर ऑईल खालच्या खुणेला. त्यांनी थोडं ओतलं. नंतरच्या रविवारी पुन्हा कमी, पुन्हा ओतलं. हळूहळू माझ्या सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला. मी निघाले की शेजारीण वाळत घातलेले कपडे घाईघाईने आत नेऊ लागली. मला वाटलं, त्या पांढरीला बघून माझ्या पोटात जी आग पेटते, तिचाच हा धूर. खरं सांगू? मी सुखावलेही. बाबा आता रोज मला उघडून बघत होते आणि तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

एके दिवशी सूनबाई म्हणाली, "बाबा, ही गाडी ऑईल पितेय. किती दिवस ओतत बसणार? भंगारवाला न्यायला तयार आहे."

बाबांनी माझं बॉनेट लावलं. मग म्हणाले, "आधी मेस्त्रीला दाखवू. इंजिन गेलंय असं तो म्हणाला, तर मी अडवणार नाही."

माझं सुख तिथेच संपलं.

गॅरेजमध्ये बाबा मला घेऊन गेले. मागोमाग सूनबाई पांढरी घेऊन आली, कारण मी तिथेच राहिले तर बाबांना परत न्यायला कोणीतरी हवं होतं. पांढरी दाराशी चकचकीत उभी राहून सगळं बघत होती. माझ्याच सीटवर बसणारा माणूस ती घेऊन जाणार होती.

ऑईल कमी होतं हे बाबांनी सांगितलंच होतं, म्हणून मेस्त्रीने पट्टीला हात लावला नाही. त्याने माझ्याखाली पुठ्ठा सरकवला. एक थेंबही पडला नाही. म्हणजे गळत नव्हतं, जळत होतं. मग प्लग काढून त्याने इंजिनाच्या आतला दाब मोजला. ऑईल अडवणाऱ्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर दाब कमी आला असता. तो चांगला भरला.

"काका, इंजिन तर दणकट आहे," तो डोकं खाजवत म्हणाला. शेवटी, करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून, त्याने पट्टी काढली. ऑईल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर होतं.

"यात एवढं कोण ओततंय?"

"मीच. रोज कमी दाखवतं," बाबा म्हणाले.

"गाडी लावता कुठे?"

सूनबाईच म्हणाली, "चढावर. माझी गाडी आल्यापासून."

"मग बरोबर. नाक वर असलं की ऑईल मागे सरकतं, आणि हिची पट्टी पुढे आहे. ती तिथे कमीच दाखवणार, इथे सपाटीवर खरं दिसलं. तुम्ही भरलेल्यात भरत होता. जास्तीचं वरच्या नळीतून हवेबरोबर आत ओढलं जाऊन जळत होतं."

"गाडी जागची हलवायची नाही आणि मोजायचं, असंच मी करत आलो," बाबा हळूच म्हणाले.

"जागा मी बदलली होती, बाबा," सूनबाई म्हणाली.

मेस्त्रीने जास्तीचं ऑईल काढलं, ती नळी धुतली, प्लग पुसून बसवले. थोडे दिवस धूर आला, मग थांबला. भंगारवाल्याला सूनबाईने स्वतःच नको म्हणून कळवलं.

मला वाटलं, आता शेड परत मिळणार. कसलं काय. मेस्त्री म्हणाला होता, सपाट रस्त्यावर नेऊन मोजलं की झालं. आता दर रविवारी बाबा मला पलीकडच्या सपाट गल्लीत नेतात आणि ऑईल खाली बसेपर्यंत आत नुसते बसून राहतात. तेवढा वेळ आम्ही दोघंच असतो. शेड गेल्याचं दुःख मी त्यात विसरत होते.

गेल्या रविवारी आम्ही परतलो तर सूनबाई फाटकात उभी. "बाबा, माझ्या गाडीचंही बघता का? मला जमत नाही."

बाबांनी माझ्या कप्प्यातून पिवळं फडकं काढलं आणि ते शेडमध्ये गेले. मी चढावरून सगळं ऐकलं. पट्टी निघाली, पुसली, पुन्हा आत गेली. "ठणठणीत आहे." आणि थाप.

फडकं आता पुन्हा माझ्या कप्प्यात आहे. त्याला तिच्या ऑईलचा वास येतो.

मित्रांनो, घरात नवं आणा, हौसेने आणा. पण त्यानंतर जुनं कुरकुरायला लागलं, तर मोडीत काढण्याआधी, आपण त्याला कुठे उभं केलंय ते एकदा बघा. आणि जमलं तर नव्यासाठी एक वेगळं फडकं घ्या.