ओशेर हाफिजांची चढण

ओशेर हाफिज गेले त्या दिवशी बुलोरने स्वयंपाकघराची खिडकी बंद केली, ती वर्ष होत आलं तरी उघडली नाही. समरकंदचा उन्हाळा, चुलीवर कढई तापलेली, बाई घामाने निथळायची, पण खिडकीला हात लावू द्यायची नाही. भावजयीने विचारलं की म्हणायची, "गल्लीतली धूळ येते." धूळ कसली डोंबलाची! गल्लीपलीकडे मनाशेर न्हाव्याचं दुकान होतं, आणि मनाशेरचे कान त्याच्या वस्तऱ्याहून धारदार होते.

बुलोरकडे चोरण्याजोगं एकच होतं. ओशेर हाफिज तिचे वडील. हाफिज म्हणजे गवई, आणि हा गवई म्हणजे यहुदी मोहल्ल्याचं नाक. ज्यूंच्या लग्नांत ते गायचे, तसेच उझबेकांच्या नि ताजिकांच्याही. त्यांचा गाडा चिखलात अडकला म्हणून एका गावात नवरदेव मांडवात ताटकळत बसून राहिला होता, हे लोक अजून रंगवून सांगतात. त्यांचं एक शोकगीत होतं. मेलेल्या माणसाच्या आठवणीच्या बैठकीत, वाद्याला हात न लावता, नुसत्या गळ्याने म्हणायचं. त्यात एक जागा अशी यायची की आता आवाज खाली उतरणार असं ऐकणाऱ्याला वाटावं, आणि हाफिज तिथून आणखी वर चढायचे, एकेक पायरी घेत, आणि मग रडत उतरावं तसे उतरायचे. भले भले तिथे डोळे पुसायचे. मनाशेर काय, नीसोन काय, शिष्यांपैकी कुणीच ती चढण कधी गायली नाही. हाफिजांनी ती कुणाला दिलीच नाही, ती त्यांच्याबरोबरच मातीत गेली, असं सगळा मोहल्ला धरून चालला होता.

पण दिली होती. बुलोरला दिली होती. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली, त्या हिवाळ्यात ती कणीक मळायची आणि वडील शेजारी बसून पुटपुटल्यासारखं शिकवायचे. "ही फक्त तुला," ते म्हणाले होते. "मनाशेरला नाही, नीसोनला नाही. कुणाला कळू देऊ नकोस. वेळ आली की तुझं तुला समजेल." मूलबाळ नसलेली, भावाच्या संसारात नान भाजत दिवस काढणारी बाई ती. जगात एवढी एकच गोष्ट कुणीतरी फक्त तिची म्हणून तिच्या पदरात टाकली होती. ती जीव गेला तरी सोडणार नव्हती.

वर्षाच्या बैठकीला, म्हणजे युश्वोला, थोडे दिवस उरले आणि ताश्कंदहून नीसोन आला. हा हाफिजांचा धाकटा शिष्य, आता रेडिओवर गायचा. येताना हलवा आणला, उस्तादांच्या तसबिरीपुढे दोन आसवं गाळली आणि थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन टेकला.

"बुलोरआपा, उस्ताद घरात गुणगुणायचे का हो?"

"गुणगुणायचे की."

"काय?"

"हिशेब. बटाटे महाग झाले, मीठ संपलं."

नीसोन हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "तसं नव्हे. त्या शोकगीतातली वरची जागा... तुमच्या कानावर कधी?"

"मी बाई माणूस, मला काय कळतंय त्यातलं," बुलोर म्हणाली आणि कांद्यावर सुरी अशी चालवली की नीसोनने पाय मागे घेतले. यात पाणी मुरतंय हे तिने तेव्हाच ओळखलं. मोहल्ल्यातली कितीतरी घरं एकामागून एक इस्राएलला निघाली होती, आणि नीसोननेही अर्ज केल्याची कुजबुज होती. म्हणजे जाता जाता चढण खिशात घालायची आणि तिकडे उस्तादांचा वारस म्हणून मिरवायचं!

त्याची पाठ वळते न वळते तोच मनाशेर हजर. हा थोरला शिष्य, केस पांढरे झाले तरी जिभेला हाड नाही.

"आला होता ना तो रेडिओवाला? काय विचारत होता?"

"बटाट्याचा भाव."

"चेष्टा पुरे. त्याला काही सांगू नकोस बरं. लबाड आहे." मग मनाशेरने आवाज उतरवला. "बाकी तुला त्यातलं काही ठाऊक आहे का? म्हणजे सहज विचारतो."

सहज! बुलोरने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

त्या दुपारी कणीक मळता मळता तिने ती चढण मनातल्या मनात म्हणून पाहिली. पहिली पायरी आली. दुसरी येईना. पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा तिथेच अडली. वर्षभर ओठ शिवून ठेवले होते, त्याची ही शिक्षा. गळा मोकळा करून एकदा गायली असती तर कदाचित सापडलीही असती, पण समोर मनाशेर आणि मोहल्ल्यात नीसोन. ती दोन्ही पीठभरल्या हातांनी तोंड झाकून बसली. चोरांपासून राखता राखता आपल्याच हातून गेली की काय, या भीतीने तिला रडू फुटलं.

युश्वोला घर भरलं. पुरुष लांबलचक मेजाभोवती, बायका आतल्या खोलीत. एकेका पदार्थावर आशीर्वाद म्हणून झाला, फळं, पालेभाजी, अंडं, लसणाच्या पाण्यातली तळलेली मासळी. बुलोरचा भाऊ हिझ्किया, धंद्याने चांभार, आवाजाने कावळा, त्याने वडिलांचं आयुष्य जमेल तसं सांगितलं. मग गाण्याची वेळ आली, आणि सुरू झाली ती खोटी आर्जवं.

"मनाशेरअका, तुम्ही थोरले, तुम्ही म्हणा."

"छे रे बाबा, तू रेडिओवरचा. आमचे गळे आता दाढीच्या फेसाने भरले."

दोघांनाही दुसऱ्याने म्हणावं असं वाटत होतं. बुलोर दारात कोथिंबिरीच्या हिरव्या भाताचं ताट धरून उभी होती, तिला ते स्वच्छ दिसत होतं. शेवटी लाजेकाजेस्तव मनाशेरने सुरुवात केली. छान म्हणत होता मेला. ती जागा आली आणि त्याने आवाज गुपचूप खाली उतरवला. नीसोनने गाणं उचललं, तोही तिथे आला, खोकला, आणि चहाचा पेला तोंडाला लावला. मेजाभोवती सुस्कारा उठला. "गेली ती हाफिजांबरोबर," कुणीतरी म्हणालं.

पण बुलोर ऐकत नव्हती, बघत होती. नीसोन खोकला तेव्हा मनाशेरचे ओठ हलले होते, बरोबर तीन वेळा, चढत गेल्यासारखे. आणि मनाशेर उतरला होता तेव्हा नीसोनचा हात मेजावरून उठला होता, वडील त्या जागी उचलायचे तसाच.

दोघांनाही येत होती!

आधी तिच्या डोक्यात चोर, चोर एवढंच घुमलं. मग वडिलांचा आवाज आला, अगदी कानाजवळ. मनाशेरला नाही, नीसोनला नाही. आणि मनाशेरला काय सांगितलं असेल? बुलोरला नाही, नीसोनला नाही! तिच्या अंगाचा भडका उडाला. एवढ्या वर्षांची माया, आणि म्हातारा सगळ्यांना तेच सांगत फिरत होता. त्या संतापात ती पुरुषांच्या खोलीत शिरली आणि हातातलं ताट तसंच धरून गायला लागली.

गाणं त्या जागेपाशी आलं. पहिली पायरी तिने घेतली. दुसरीला सूर सुटला, आणि ती उघड्या तोंडाने उभी राहिली.

मनाशेरला ते सोसवलं नाही. त्याने दुसरी पायरी दिली. त्याच श्वासात नीसोन वर गेला, बुलोर त्याच्या मागे, आणि तिघं मिळून खाली आले, रडत उतरावं तसे.

"उस्ताद मला म्हणाले होते," नीसोन खाली मान घालून म्हणाला, "फक्त तुला."

"मलाही," मनाशेर पुटपुटला. "तू चोरायला येशील म्हणून वर्षभर समोरून या घरावर पाळत ठेवली, गाढवासारखी."

मेजाच्या टोकाला हिझ्किया कानापर्यंत लाल झाला होता. "मलाही शिकवली होती," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी म्हटलं, बाबा, मला गाता येत नाही. तर म्हणाले, म्हणूनच तुला. मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

सगळी खोली हसली. हसता हसता लोकांनी डोळे पुसले. बुलोर मात्र हसली नाही. तिने ताट मेजावर आदळलं, वडिलांच्या तसबिरीकडे बघून "लबाड!" म्हणाली आणि आत निघून गेली. तिचा वाटा चौघांत वाटला गेला होता, आणि ते दुःख तिला भातापेक्षा गरम लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कणीक मळायला बसली. थोडा वेळ नुसती मळत राहिली. मग उठली, पीठभरल्या हातानेच खिडकीची कडी काढली आणि गळा सोडून गायला लागली.

समोरच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा थांबला.

"दुसरी पायरी चुकली!" मनाशेर ओरडला.

"मग म्हणून दाखव ना," बुलोर म्हणाली, आणि खिडकी उघडीच ठेवली.