निरोप्या मान डोलावतो

साबणाच्या जुन्या डबीत कापसावर ठेवलेलं ते यंत्र सकाळच्या उन्हात सोललेल्या बदामासारखं दिसत होतं – कातडीच्या रंगाचं, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. कुणाच्या कातडीच्या, ते मात्र सांगितलं नव्हतं. बाईंनी ते बोटानं जरा ढकललं. ते कापसात आणखी रुतलं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या कानांत असली यंत्रं बसवली होती, काढून फेकणाऱ्यांच्या मागं शाळेच्या आवारात पदर खोचून धावल्या होत्या – घाल बाळा, जग मोठं आहे, थोडं आत येऊ दे – आणि आता स्वतःचं यंत्र घेतल्या दिवसापासून साबणाच्या डबीत. ते शिट्टी मारतं म्हणून. त्यात भांडी वाजतात पण माणसं वाजत नाहीत म्हणून... छे. ते घातलं की दिसतं, म्हणून.

दारात सून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. किल्ली, असं काहीतरी. मग चार-पाच नुसतेच उघडझाप करणारे शब्द, मग भुवया वर. बाईंनी मान डोलावली. एरवी एवढ्यावर सून निघून जायची. आज ती वळसा घालून डावीकडे आली, कारण डाव्या कानात अजून थोडं शिल्लक होतं, आणि वाकून म्हणाली, “आई, मी विचारतेय. त्याला हो म्हणून कसं चालेल?”

“काय विचारतेस?”

“मुलांना त्या काचेच्या खोलीत बसवायला तुम्ही कशा काय तयार झालात?”

“कुठली काचेची खोली?”

सून स्टूल ओढून समोर बसली, तोंड उजेडाकडे करून; एवढं तिला इतक्या वर्षांत सासूनंच शिकवलं होतं. “काल ते सिनेमा मंडळाचे चिटणीस नाही का आले होते? थिएटरात मागं काचेची खोली आहे. तान्ही पोरं रडायला लागली की आया त्यांना घेऊन बसतात, ती. आज ‘निरोप्या’च्या खेळाला तुमच्या शाळेच्या मुलांना तिथं बसवणार. मुलं मोठ्यानं हसतात, बाकीच्यांचा रसभंग होतो, म्हणून. मी चहा घेऊन आले तर ते म्हणत होते, बाईंनी फार समजून घेतलं. आणि तुम्ही आपल्या नंदीबैलासारख्या...” ती थांबली. “सॉरी, आई.”

“सॉरी कशाला? नंदीबैलच.”

काल. चिटणिसांच्या मिशा आठवल्या. ओठांवर पडदा सोडल्यासारख्या दाट मिशा, आणि त्यांच्यामागं गोड हसणारे, काहीतरी लांबलचक सांगणारे दात. बाईंना वाटलं होतं, ते सिनेमाविषयी बोलताहेत. सगळेच बोलतात. म्हणून त्यांनी मान डोलावली होती – आधी लहान, मग जरा मोठी, शेवटी अगदी मनापासून, पटल्यासारखी... आणि हा प्रसंग त्यांनी आधी पाहिला होता. शेकडो वेळा. पांढऱ्या चादरीवर.

‘निरोप्या’ मुळात शाळेत आला तो टाकाऊ म्हणून. बोलपट येऊन जमाना लोटला होता, शिक्षण खात्याच्या कुणा साहेबाला गोदाम रिकामं करायचं होतं, आणि त्यानं विचार केला – बहिऱ्यांच्या शाळेला मुका सिनेमा, आंधळ्याला काळोख, बिघडलं काय? डब्यांवर गंज चढला होता. बाई तेव्हा तरुण होत्या, अंबाडा मोठा होता. मुलं त्यांच्यासाठी डोक्यामागं मूठ धरून गोल फिरवायची, तेच त्यांचं नाव. त्या शाळेत नावं उच्चारायची नसतात, करून दाखवायची असतात. त्या अंबाड्यानं खिडक्यांना काळं कापड लावलं, चादर टांगली आणि सिनेमाचं यंत्र सुरू केलं.

गोष्ट ती काय? मोठ्या टोपीचा एक निरोप्या. त्याला एका खिडकीवर निरोप मिळतो. खिडकीतला कारकून सांगतो, सांगतच सुटतो, बोटं मोजतो, डावीकडं दाखवतो, मग उजवीकडं, मेजावर हात आपटतो. आणि पाटी येत नाही. तो काय बोलला हे सांगणारी पाटी येतच नाही. निरोप्या मान डोलावतो. आधी थोडी, मग बरीच, मग अशी की जणू हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. टोपी उचलून सलाम करतो, ऐटीत वळतो, आणि सरळ कपाटात शिरतो. थोड्या वेळानं बाहेर येतो. पुन्हा खिडकीवर जातो. कारकून पुन्हा सगळं सांगतो. निरोप्या मान डोलावतो, आणि पुन्हा कपाटात.

बाईंच्या मनात आलं – त्या पहिल्या दिवशी मला हसू आलं नव्हतं. मी पाटीची वाट बघत होते. आणि माझ्या मागं अख्खा वर्ग कोसळला होता. कुणी खोकल्यासारखं हसत होतं, कुणी घशात करवत घातल्यासारखं, एक जण बाकावरून खाली पडून तिथंच राहिला. मी दिवा लावून विचारलं, काय झालं एवढं? तेव्हा वेणी नावाची मुलगी उठली – दोन बोटं खांद्यावरून खाली, ही तिची खूण – माझ्यासमोर उभी राहिली आणि माझं तोंड बघून मान डोलावायला लागली. गंभीरपणानं. अगदी हुशार मुलीसारखी. मग वळली आणि खडू ठेवायच्या कपाटावर जाऊन आदळली. मग तिनं एकेकाकडं बोट केलं – तू, तू, ती, मी, सगळे. आणि माझ्याकडं. तुम्ही बोलता. आम्ही हे करतो.

मी वर्षभर शिकवत होते, आणि वर्षभर मुलं माझ्यासमोर माना डोलावत होती.

दुसऱ्याच दिवसापासून कागदाची पट्टी निघाली. ओठांसमोर पट्टी धरायची, ‘पुन्हा’तला प सुटला की पट्टी थरथरली पाहिजे. दुसरा हात गळ्यावर, आवाज निघतोय की नाही ते तळव्याला कळतं. समजलं नाही. पुन्हा सांगा. आधी ही दोन वाक्यं, मग गणित, मग भूगोल. मान हलवायची नाही, बाळा. मान हलवली की लोक सुटतात, तू अडकतेस... पुढं दर वर्षी सत्र संपताना चादर लागायची, आणि दर वर्षी नवी मुलं त्याच जागी कोसळायची. कुणी त्यांना सांगितलेलं नसायचं की इथं हसायचं.

आणि मग प्राध्यापक आले, ‘निरोप्या’ची एवढीच प्रत उरलीय असं म्हणाले, डबे घेऊन गेले, आणि त्यांनी पुस्तक लिहिलं. भला माणूस. शाळेला सिनेमाची नवी प्रत पाठवली, बाईंना पुस्तकही दिलं. त्यात जुन्या वर्तमानपत्रांतली मतं छापली होती – एकानं म्हटलं होतं, पोरखेळ. दुसऱ्यानं, खिडकीच्या प्रसंगात पाट्या लिहिणाऱ्याचा डोळा लागला असावा. त्या रसिकांची प्राध्यापकांनी सालटी काढली होती आणि पुढं लिहिलं होतं की हा प्रसंग म्हणजे माणसाच्या एकाकीपणाचं आजवरचं सर्वांत निष्ठुर चित्र आहे. तेव्हापासून ‘निरोप्या’ थोर झाला. मोठमोठ्या याद्यांत गेला. लोक तो बघायला येताना काळे कपडे घालून येतात की काय असं वाटावं इतके गप्प बसतात. आधी वेडगळ म्हणून कुणी हसलं नाही, आता थोर म्हणून कुणी हसत नाही. मधली सगळी वर्षं तो हसवत होता कुणाला? ते पुस्तकात एका ओळीत होतं – प्रत एका विशेष शाळेच्या कपाटात सुरक्षित राहिली. सुरक्षित! दर वर्षी फाटायची आणि मी चिकटवायचे.

बाईंनी डबीतून यंत्र उचललं आणि कानात घातलं. त्यानं शिट्टी मारली. सून हसली, आणि कितीतरी दिवसांनी बाईंना ते ऐकू आलं, पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं.

“कुठं निघालात? खेळ चारला आहे.”

“हो म्हटलंय ना, ते परत घ्यायला.”

थिएटरच्या पायऱ्यांवर चिटणीस खुर्च्या मोजून घेत होते. आज त्यांच्या मिशांमागचा आवाज आला, बारीक, नम्र, शाळेतल्या हुशार मुलासारखा.

“बाई, काल तर आपलं ठरलं.”

“काल मला ऐकू आलं नव्हतं. मी ऐकल्यासारखं केलं.”

ते गोंधळले, आणि त्यांनी – बाईंनी ते नीट पाहिलं – मान डोलावली.

“मला मुलांविषयी आदर आहे हो. पण तुम्हीच बघा, त्यांना कुठं ऐकू येतं? त्यांना काचेनं काय फरक पडतो? आत मनसोक्त हसू दे. इथं प्राध्यापकांचं भाषण आहे, व्हायोलिन आहे, लोक तिकीट काढून येतात ते ती शांतता अनुभवायला...”

“शांतता हवी तर दवाखान्यात जावं. हा विनोदी सिनेमा आहे.”

“हो, वरवर.”

“वरवरच असतो विनोद. खाली गेला की त्याचं भाषण होतं.”

चिटणीस हसले, मनानं वाईट नव्हते. “बाई, मला अडचणीत आणू नका. कुणी उठून गेलं तर मला पुढं हॉल मिळणार नाही. मुलांना समजावून सांगा. तुमचं ऐकतात ती.”

काय सांगू? की मुलांनो, ज्या खोलीत तान्ह्यांना रडायला नेतात तिथं तुम्हाला हसायला बसवणार आहेत? त्यांना समजेल. तेच तर. काच म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला समजतं? ओठ दिसतात, बाकी काही येत नाही. ती जन्मल्यापासून तिच्याआड आहेत, आणि मी तिला एकेका शब्दानं भोकं पाडत म्हातारी झाले.

“नाही,” बाई म्हणाल्या. यंत्र मध्येच किंचाळल्यामुळं तो शब्द त्यांना फार मोठा वाटला. त्यांनी तो मागं घेतला नाही.

मुलं आली तेव्हा खळी सगळ्यांत पुढं होती – सातवीतली, गालात बोट रुतवलं की तिचं नाव होतं. दरवाजावरच्या माणसानं मागं बोट दाखवलं असावं, कारण तिनं लगेच हात चालवले – मागं? काच? का? बाईंच्या हातांना उत्तर द्यायला जरा उशीर झाला. बोटं हल्ली आखडतात. नाही. पुढं. तिसरी रांग. खळीनं त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मोठी माणसं काहीतरी लपवतात तेव्हा ती असंच बघते. मग गालात खळी पाडून ती पुढं धावली.

प्राध्यापक बोलायला उभे राहिले. यंत्रात त्यांचा आवाज स्वच्छ येत होता, शब्दही सगळे येत होते, आणि बाईंना काहीच समजत नव्हतं. ‘अभावाची रचना’ म्हणाले, ‘शून्याचं व्याकरण’ म्हणाले. कुणीतरी कोपरानं ढोसलं. खळी. ती मागं वळून बसली होती आणि तिच्या हनुवटीचा रोख मागच्या रांगांवर होता. बाईंनी वळून पाहिलं. चौथी रांग, पाचवी, त्यामागं अंधार होईपर्यंत – सगळ्या माना हलत होत्या. आधी थोड्या. मग बऱ्याच. खळीनं दोन्ही हातांनी डोक्यावर मोठी टोपी केली. पोरांची अख्खी ओळ वळली, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधीच कुणीतरी करवत घातल्यासारखं हसलं. प्राध्यापक क्षणभर थांबले, कागदाकडे बघून पुढं वाचू लागले.

मग अंधार, आणि व्हायोलिन. ते रडत होतं. निरोप्या सायकलवरून पडला तरी रडत होतं, त्याची टोपी म्हशीनं खाल्ली तरी रडत होतं, जणू वाजवणाऱ्याच्या घरात कुणी गेलं होतं. खुर्च्या लोखंडी होत्या, एकमेकींना जोडलेल्या. मुलांच्या बाजूनं त्या थरथरत होत्या आणि मागच्या बाजूनं कुणीतरी ‘शू’ केलं. बहिऱ्यांना ‘शू’! बाईंनी हात वर नेला, कानातलं यंत्र काढलं आणि पर्सच्या तळाशी टाकलं.

व्हायोलिन गेलं. शू गेलं. उरला फक्त तो मोठ्या टोपीचा माणूस, खिडकीच्या दिशेनं निघालेला. बाईंच्या ध्यानात आलं – असा त्यांनी तो कधीच पाहिला नव्हता. त्या मुलांच्या तोंडाकडे बघायच्या, यंत्राच्या चाकाकडे बघायच्या, फीत तुटेल म्हणून धाकात असायच्या. आता त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, रांगेतल्या बाकीच्यांसारख्या.

रांगेच्या टोकाला टॉर्चचा उजेड आला. तो पायांवरून सरकत जवळ आला, आणि त्याच्यामागून चिटणिसांच्या मिशा. ते वाकले. मिशा हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या. विनंती असेल. हुकूम असेल. प्राध्यापक रागावले असतील, कुणी उठून गेलं असेल, किंवा ते नुसतं म्हणत असतील की तुम्हाला पाणी हवंय का. भुवया वर गेल्या. आता मान डोलावायची जागा होती. मानेच्या मागं ती जुनी सवय उठून बसलेली त्यांना कळली, स्नायू तयार होता, एवढंसं खाली आणि एवढंसं वर, की सगळे सुटतील – चिटणीस सुटतील, प्राध्यापक, मागच्या रांगा...

मान हलली नाही.

“समजलं नाही,” बाई म्हणाल्या. “पुन्हा सांगा.”

किती मोठ्यानं म्हणाल्या, ते त्यांना माहीत नव्हतं. बराच मोठ्यानं असावं, कारण टॉर्च हलला. खळीनं चमकून त्यांच्या ओठांकडे पाहिलं, आणि तो शब्द ओळखला – पट्टी थरथरवणारा प – आणि तिचे डोळे मोठे झाले. मिशा पुन्हा हलू लागल्या. पडद्यावर कारकूनही सांगू लागला होता. बोटं मोजत होता, डावीकडं दाखवत होता. इकडं एक तोंड, तिकडं एक तोंड, आणि पाटी कुठंच नाही. टोपीवाला ऐकत होता. हळूच त्यानं मान डोलावली.

लोखंडी रांग हादरली. त्या हादऱ्यात बाईंना आपल्या बरगड्यांखाली काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, वर चढलेलं, दातांपर्यंत आलेलं. पण आवाज? तो बाहेर पडतोय की आतच आहे, खोकल्यासारखा आहे की करवतीसारखा, मागं पाचव्या रांगेत पोचतोय की काचेच्या खोलीपर्यंत... त्यांनी डोळे पडद्यावरून काढले नाहीत. निरोप्या ऐटीत कपाटाकडे वळला होता. त्यांनी नुसता हात उचलला आणि जन्मभर मुलांना शिकवलं तसा तळवा आपल्या गळ्यावर ठेवला.

गळा थरथरत होता.